आवाजाला उत्तर देणारी गिटार

थोर गिटारवादकांची यादी कोणीही केली, तरी तिच्यातली पहिली चार-पाच नावे बहुधा ठरलेली असतात. जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, जिमी पेज, जेफ बेक आणि बी. बी. किंग यांच्या थोरवीविषयी मला तिळमात्र शंका नाही. मी स्वतः ब्लूजपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेल्या संगीतापर्यंत, पोहोचलो तो त्यांचेच बोट धरून. परंतु या मंडळींनी ज्यांच्याकडून घेतले, किंवा जे त्यांच्याच काळात त्यांच्या तोडीचे वाजवत होते, त्या वादकांची नावे जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारशी का गेली नाहीत, हा प्रश्न मला अनेक वर्षे अस्वस्थ करत आला आहे. कोणाची रेकॉर्ड कंपनी बुडाली, कोणाला आजाराने गाठले, कोणी पंचविशीतच गेला, तर कोणी आयुष्यातली उमेदीची वर्षे एका बलदंड गायकाच्या मागे उभा राहून काढली. ही कारणे खरीच आहेत. त्यांच्या जोडीला मला आणखी एक कारण दिसते आणि हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे. या वादकांची गिटार स्वतःला मिरवत नाही, ती गाणाऱ्या आवाजाला उत्तर देते. आणि उत्तर देणाऱ्याकडे लक्ष जाण्यासाठी कानांना थोडा सराव लागतो.

हा सराव कसा करावा, ते ब्लूजच्या रचनेतच दडलेले आहे. ब्लूजचे सर्वांत रुळलेले आवर्तन बारा बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक लहान खंड) असते. त्यात गाण्याच्या तीन ओळी येतात आणि प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. गायक आपली ओळ साधारणपणे त्यांपैकी निम्म्या जागेत संपवतो आणि उरलेली जागा मोकळी सोडतो. ती जागा गिटारची असते. नवख्या श्रोत्याचे कान सोलोची, म्हणजे एकट्या वाद्याच्या मोठ्या तुकड्याची, वाट पाहत असल्यामुळे तोवर होऊन गेलेली ही लहान लहान उत्तरे त्याच्या हातून निसटतात. माझ्याही हातून कित्येक वर्षे निसटली. म्हणून माझी विनंती अशी आहे, की या लेखात आलेले प्रत्येक गाणे पहिल्या वेळी केवळ या मोकळ्या जागांसाठी ऐकावे आणि सोलोकडे दुसऱ्या वेळी वळावे.

अशा ऐकण्याची सुरुवात ह्यूबर्ट समलिनपासून करणे सर्वांत चांगले, कारण तो जवळजवळ पूर्णपणे या मोकळ्या जागांतच राहिला. १९५४ साली गायक हाउलिन वुल्फने त्याला शिकागोला बोलावून घेतले आणि १९७६ साली वुल्फचा मृत्यू होईपर्यंत, मधला थोडा काळ वगळता, तो त्याच्याच बँडमध्ये होता. वुल्फचा आवाज खरखरीत, प्रचंड आणि ऐकणाऱ्याला दचकवणारा होता. अशा आवाजाशेजारी दुसऱ्या एखाद्या वादकाने गिटारचा आवाज वाढवला असता. समलिनने नेमके उलट केले. सुरुवातीच्या काळात वुल्फने त्याला घरी पाठवून पिक (तार छेडायची छोटी चकती) बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी वाजवायला सांगितले होते, ही हकीकत समलिन पुढे स्वतःच आवर्जून सांगत असे. त्या एका बदलातून त्याची सारी शैली घडली. बोटाने ओढलेली तार पिकइतकी धारदार वाजत नाही, पण तिचा जोर हवा तसा कमी-जास्त करता येतो, आणि त्यामुळे समलिनचे स्वर मध्येच उसळतात, मध्येच तुटतात, अपेक्षित ठिकाणी येत नाहीत आणि अनपेक्षित ठिकाणी हजर होतात. १९६१ सालचे ‘शेक फॉर मी’ आधी ऐकावे आणि त्यानंतर १९६४ सालचे ‘किलिंग फ्लोअर’. रॉक संगीताने पुढे पाच-दहा वर्षे ज्या प्रकारच्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरसमूहावर, गुजराण केली, तो रिफ ‘किलिंग फ्लोअर’मध्ये आधीच पूर्ण तयार झालेला आढळतो. २०११ साली समलिन वारला तेव्हा रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी त्याच्या अंत्यविधीचा खर्च उचलला. रॉकच्या एका पिढीने ते ऋण निदान त्या रूपाने तरी मान्य केले.

यानंतर ज्याच्याविषयी मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते, तो ओटिस रश. त्याच्या बाबतीत दैवाने जितकी आडकाठी केली, तितकी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. मिसिसिपीत जन्मलेला हा मुलगा किशोरवयात शिकागोला आला आणि १९५६ साली कोब्रा या छोट्या कंपनीसाठी त्याने ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ हे विली डिक्सनने रचलेले गाणे गायले. ते गाजले. पुढच्या दोन वर्षांत त्याने याच कंपनीसाठी जे केले, ते माझ्या मते विद्युत ब्लूजच्या शिखरांपैकी एक आहे. पण १९५९ साली कोब्रा बंद पडली. त्यानंतर तो चेस या मोठ्या कंपनीकडे गेला, तिथे मोजकीच गाणी बाहेर आली. मग ड्यूक कंपनीने १९६२ साली त्याची एकच रेकॉर्ड काढली. १९७१ साली कॅपिटॉल कंपनीसाठी त्याने ‘राइट प्लेस, राँग टाइम’ हा संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला, परंतु कंपनीने तो प्रकाशितच केला नाही आणि अखेर १९७६ साली एका लहानशा कंपनीमार्फत तो लोकांपर्यंत पोहोचला. ऐन भरात आलेल्या वादकाची पाच वर्षे कपाटात बंद राहिली, याची कल्पना केली तरी मन विषण्ण होते.

रश डावखुरा होता. तो गिटार उलटी धरत असे आणि तारांचा क्रम मात्र बदलत नसे, त्यामुळे जाड तार खाली आणि पातळ तारा वर येत. सर्वसाधारण वादक पातळ तार वर ढकलून स्वर चढवतो; रश ती खाली ओढत असे. खाली ओढताना सारा हात आणि मनगट त्या तारेच्या मागे उभे राहते, आणि त्याच्या मिंडेला जो सावकाश, वजनदार चढाव आहे, त्याचा काही अंश मला याच उलट्या मांडणीत दिसतो. तो स्वर गाठताना घाई करत नाही. खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंतची सारी वाट तो ऐकवतो, आणि वर पोहोचल्यावर त्या स्वराला जो कंप देतो तो त्याच्या गळ्यातल्या कंपाशी इतका जुळतो, की गाणे संपून गिटार सुरू झाली तो क्षण कधी कधी चटकन कळत नाही.

त्याला ऐकायला १९५८ सालच्या ‘ऑल युअर लव्ह (आय मिस लव्हिंग)’पासून सुरुवात करावी. गाण्याची चाल मायनर, म्हणजे उदास छटेची, आहे, लय किंचित लॅटिन वळणाची आहे, आणि मध्यावर सारा बँड एकदम शफलमध्ये, म्हणजे झुलत्या ठेक्यात, शिरतो, तेव्हा जणू बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखे वाटते; मग पुन्हा मूळ लय येते आणि खिडकी मिटते. त्याच वर्षीचे ‘डबल ट्रबल’ त्याहून काळोखे आहे. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन याने आपल्या बँडला याच गाण्याचे नाव दिले होते, एवढे सांगितले म्हणजे त्याचे स्थान लक्षात येईल. त्यानंतर ‘राइट प्लेस, राँग टाइम’ सलग ऐकावा. ध्वनिमुद्रणे जुनी आणि मोनो आहेत म्हणून कोणी कोब्राची गाणी टाळू नयेत. त्या दाटीतच त्यांचा दाह आहे.

रशप्रमाणेच शिकागोच्या वेस्ट साइड भागातून आणि त्याच कोब्रा कंपनीतून आलेला मॅजिक सॅम याचे आयुष्य तर आणखीच तोकडे ठरले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरच्या ब्लूज महोत्सवात त्याने श्रोत्यांना थक्क केले आणि त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. डेलमार्क कंपनीसाठी १९६७ साली त्याने केलेला ‘वेस्ट साइड सोल’ हा अल्बम ज्याला ब्लूज रडका आणि संथ वाटतो अशा प्रत्येकाला मी आधी ऐकवतो. त्यातली गिटार अक्षरशः नाचते, आणि ‘लुकिंग गुड’ या वाद्यरचनेत तर एकटा माणूस एवढे वाजवत आहे यावर विश्वास बसत नाही.

सिस्टर रोझेटा थार्प हिच्या बाबतीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच व्यक्तीचे असतात. १९१५ साली आर्कान्सामध्ये जन्मलेली ही गायिका चर्चच्या संगीतात वाढली, आणि रॉक अँड रोल हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९४४ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’मध्ये तिची विद्युत गिटार ज्या ठेक्यात वाजते, तो ऐकून पुढच्या दशकातल्या अनेक रॉक तारे-तारकांचे मूळ कुठे होते ते समजते. तिचे मात्र ऐकण्याआधी पाहावे, असे मी म्हणेन. ७ मे १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी तिचा कार्यक्रम चित्रित झाला. श्रोते एका फलाटावर बसलेले, कलावंत समोरच्या फलाटावर, आणि नुकताच पाऊस पडून गेलेला. तिने सुरुवातच ‘डिडन्ट इट रेन’ या गाण्याने केली. अंगात लांब कोट, गळ्यात पांढरी गिब्सन एसजी गिटार, आणि सोलो वाजवताना चेहऱ्यावर असा आनंद, की तो पाहून तंत्राचा विचार मनात येतच नाही. तंत्र मात्र तिथे आहे, आणि पक्के आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिची दखल २०१८ साली घेतली, तिच्या मृत्यूनंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी.

माइक ब्लूमफील्ड हा माझ्या मांडणीला अपवाद आहे, पण त्याला वगळणे मला जमणार नाही. बॉब डिलनच्या १९६५ सालच्या ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ या अल्बमवर त्याची गिटार आहे, तरीही डिलनच्या चाहत्यांपैकी अनेकांना त्याचे नाव ठाऊक नसते. पॉल बटरफील्डच्या बँडबरोबर १९६६ साली त्याने केलेली ‘ईस्ट-वेस्ट’ ही तेरा मिनिटांची रचना म्हणजे ब्लूजने रागसंगीताकडे टाकलेले एक मोठे पाऊल आहे. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलत नाहीत, एक षड्ज धरून ठेवल्यासारखा आधारस्वर चालू राहतो आणि त्यावर गिटार हळूहळू विस्तार करत जाते. आपल्या कानांनी त्यात रागाची शिस्त शोधायला जाऊ नये, ती तिथे नाही. मात्र विस्ताराची ओढ खरी आहे. ज्यांना इतके लांबचे नको असेल त्यांनी १९६८ सालच्या ‘सुपर सेशन’ची पहिली बाजू ऐकावी. दुसऱ्या बाजूवर तो नाही, कारण निद्रानाशाने त्रस्त होऊन तो पहिल्या दिवसानंतर निघूनच गेला आणि त्याच्या जागी स्टीफन स्टिल्सला बोलवावे लागले.

आता पीटर ग्रीन. १९६६ साली क्लॅप्टन जॉन मेयॉलचा ब्लूजब्रेकर्स हा बँड सोडून गेला, तेव्हा लंडनच्या भिंतींवर ज्याचे नाव देव म्हणून लिहिले जात होते, त्याच्या जागी हा एकोणीस वर्षांचा मुलगा उभा राहिला. १९६७ सालच्या ‘अ हार्ड रोड’ या अल्बमवर त्याची ‘द सुपरनॅचरल’ नावाची वाद्यरचना आहे. तिच्यात तो एकेक स्वर फीडबॅकच्या (अँप्लिफायरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून स्वर टिकवतो, त्याच्या) आधाराने इतका लांबवतो, की स्वर वाजवण्यापेक्षा तो कधी सोडायचा हाच निर्णय महत्त्वाचा ठरतो. त्याच वर्षी त्याने स्वतःचा बँड काढला आणि त्याला आपले नाव न देता ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांची नावे जोडून फ्लीटवुड मॅक असे नाव दिले. या माणसाचा स्वभाव समजण्यासाठी मला ही एक गोष्ट पुरेशी वाटते. आज त्या बँडचे नाव घेतले की बहुतेकांना सत्तरच्या दशकातली पॉप गाणी आठवतात, आणि संस्थापक त्या प्रसिद्धीच्या सावलीत हरवून जातो.

ग्रीनकडे १९५९ सालची गिब्सन लेस पॉल गिटार होती. तिच्या एका पिकअपमधले (पिकअप म्हणजे तारेचा कंप विद्युत संकेतात बदलणारा भाग) चुंबक उलटे बसले होते, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांचे ध्वनी काही अंशी एकमेकांना छेद देत आणि एक पोकळ, अनुनासिक, दूरवरून आल्यासारखा टोन निघत असे. या चुंबकावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ती गिटार पुढे गॅरी मूर आणि नंतर मेटॅलिकाचा कर्क हॅमेट यांच्याकडे गेली तेव्हा त्या टोनची चर्चा आणखी वाढली. मला ही सारी चर्चा किंचित दिशाभूल करणारी वाटते. ग्रीनचे वेगळेपण चुंबकात नव्हते, संयमात होते. १९६८ सालचे ‘नीड युअर लव्ह सो बॅड’ ऐकावे: प्रत्येक ओळीनंतर दोन-तीन स्वर, त्यांच्यात श्वास घेण्याइतके अंतर, आणि आवाज इतका हलका की गायकाला आपल्याच मनातली पुढची ओळ ऐकू येत असावी. १९६९ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले ‘अल्बॅट्रॉस’ तर शब्दांविनाच आहे आणि त्यात सोलो म्हणावे असे काहीही नाही.

ग्रीनने रशला किती खोलवर ऐकले होते, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. रशने १९६० साली चेससाठी गायलेले ‘सो मेनी रोड्स’ आधी ऐकावे आणि लगेच ग्रीनने ब्लूजब्रेकर्समध्ये असताना वाजवलेले त्याच गाण्याचे रूप ऐकावे. ते मेयॉलच्या ‘लुकिंग बॅक’ या संग्रहात मिळते. सूर तोच, मिंडेचा सावकाशपणा तोच, पण रशच्या वादनात जिथे राग आहे तिथे ग्रीनच्या वादनात एकटेपणा आहे. १९७० च्या मे महिन्यात ग्रीनने बँड सोडला. मानसिक आजाराने त्याची पुढची अनेक वर्षे हिरावून घेतली. नव्वदच्या दशकात तो पुन्हा मंचावर आला आणि २०२० साली वारला. त्याच्या अखेरच्या काळातल्या वादनाची आधीच्या वादनाशी तुलना करणे मला क्रूर वाटते, म्हणून मी ती करत नाही. बोस्टनमध्ये १९७० च्या फेब्रुवारीत झालेल्या मैफिलींची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, आणि बँड किती उंचीवर असताना तो थांबला हे त्यांवरून कळते.

पॉल कॉसॉफ हा मी इथे निवडलेल्या गिटारवादकांतला सर्वांत तरुण. १९६८ साली फ्री हा बँड स्थापन झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि बेसवादक अँडी फ्रेझर अवघा पंधराचा. एवढ्या लहान वयाची मुले सहसा जागा भरायला धडपडतात. या मुलांनी जागा रिकाम्या ठेवायला शिकून घेतले. १९७० सालचे ‘ऑल राइट नाऊ’ सर्वांनी ऐकलेले असते, पण त्याच्या कडव्यांमध्ये बेस वाजतच नाही, हे कितीजणांच्या ध्यानात आले असेल? आवाज, ड्रम आणि कॉसॉफचे तुटक कॉर्ड, एवढ्यावर कडवे उभे राहते, आणि म्हणूनच ध्रुवपदात बेस आत येतो तेव्हा जमीन पायाखाली आल्यासारखी वाटते. कॉसॉफची खरी ओळख म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा कंप. तो दाट आणि वेगवान होता, शिवाय स्वर धरल्यापासून सुटेपर्यंत जिवंत राहणारा होता, आणि त्याच्या बळावर हा वादक एकाच स्वरावर जितका वेळ थांबू शके तितका वेळ थांबण्याचे धैर्य फार थोड्यांत असते. ‘फायर अँड वॉटर’ या अल्बमपासून सुरुवात करावी आणि त्यातले ‘मिस्टर बिग’ लक्ष देऊन ऐकावे. उत्तरार्धात बेस पुढे येतो आणि गिटार मागे सरकून त्याला कॉर्डचा आधार देते. ज्याच्या हातात सारे गाणे होते तो आपणहून मागे सरकतो, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून ते ऐकावे. १९७६ च्या मार्चमध्ये, पंचविसाव्या वर्षी, विमानप्रवासात त्याचा मृत्यू झाला.

रोरी गॅलाघरविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याला ऐकण्यासाठी पूर्वतयारी लागत नाही. १९७४ च्या जानेवारीत, हिंसाचारामुळे बरेच कलावंत बेलफास्टला जाण्याचे टाळत होते तेव्हा, तो तिथे गेला, आणि तिथल्या, डब्लिनमधल्या आणि कॉर्कमधल्या मैफिलींतून ‘आयरिश टूर ’७४’ हा अल्बम तयार झाला. त्यातले ‘अ मिलियन माइल्स अवे’ ऐकून ज्याला काहीच वाटणार नाही, त्याने हा प्रांत सोडून दिलेला बरा. त्याने १९६३ साली कॉर्कमध्ये घेतलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा रंग घामाने आणि वापराने जवळजवळ पूर्ण निघून गेला होता.

अल्बर्ट कॉलिन्सकडे जायचे तर १९७८ सालच्या ‘आइस पिकिन’ या अल्बमपासून जावे. त्याने तारा मायनर कॉर्डमध्ये जुळवल्या होत्या, मानेवर बरीच वर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबून धरणारी पट्टी) लावलेली असे आणि नुसत्या बोटांनी तो तारेला असा झटका देई की स्वर काचेसारखा फुटतो. ‘शिकागो’ नावाच्या बँडचा गिटारवादक टेरी कॅथ याच्यासाठी ‘ट्वेंटीफाइव्ह ऑर सिक्स टू फोर’ हे एक गाणे पुरे.

रॉय बुकॅनन मी शेवटी ठेवला आहे, तो रात्री उशिरा ऐकण्याचा वादक आहे म्हणून. १९७१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने त्याच्यावर माहितीपट केला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता आणि तोवर लहानसहान क्लबांत वाजवत होता. जेफ बेकने १९७५ साली आपली एक प्रसिद्ध रचना त्याला अर्पण केली. १९५३ सालची टेलिकास्टर आणि एक अँप्लिफायर, एवढ्यावर त्याचे काम चाले. स्वर छेडल्यावर करंगळीने आवाजाचे बटण फिरवून तो स्वराचा आरंभच पुसून टाकत असे, त्यामुळे गिटारचा स्वर छेडल्यासारखा न वाटता गळ्यातून उमटल्यासारखा वाटतो. १९७२ सालच्या त्याच्या अल्बमवर ‘द मसाया विल कम अगेन’ ही रचना आहे. सुरुवातीला तो बोलतो, गात नाही; ऑर्गनच्या मंद सुरावर, जवळजवळ पुटपुटल्यासारखी काही मोजकी वाक्ये येतात. मग तो बोलायचे थांबतो, आणि पुढची सारी मिनिटे त्या वाक्यांना गिटार उत्तर देत राहते.